पदोन्नती मिळाली, वेतन तेच राहिले: एका परिसेविकेचे खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय: परिसेविका व अधिपरिचारिका या पदांचे वेतन, कार्यभार आणि जबाबदारी यांतील विसंगतीबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या रुग्णालयात परिसेविका पदावरील पदोन्नतीचे आदेश आले. आदेशात पाच नावे होती. आठवडा उलटण्याच्या आत त्यांतल्या तिघींनी आपल्याला पदोन्नती नको असल्याचे अर्ज अधिसेविका कार्यालयात नेऊन दिले. तिघींनाही मी चांगली ओळखते. एकीने नवजात शिशू कक्षात अकरा वर्षे काढली आहेत आणि बाळाच्या अंगाच्या रंगावरून ते बिघडते आहे हे ती यंत्राच्या आधी सांगते. अशा परिचारिकेने कक्षाचा कारभार हाती घ्यावा असे कोणालाही वाटेल. तिने नकार का दिला, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “सिस्टर, तुमच्याकडे बघूनच नको म्हटलं.” त्या दिवशी घरी गेल्यावर मी हे पत्र लिहायला घेतले.

मी 1998 मध्ये अधिपरिचारिका म्हणून शासकीय सेवेत आले आणि 2019 पासून परिसेविका आहे. हे पत्र लोकांनीही वाचावे अशी माझी इच्छा असल्यामुळे पदांची उतरंड थोडक्यात सांगते. रुग्णाच्या खाटेजवळ राहून इंजेक्शन, सलाईन, मलमपट्टी, औषधांच्या वेळा आणि नोंदी पाहते ती अधिपरिचारिका. एका कक्षाची संपूर्ण जबाबदारी जिच्यावर असते ती परिसेविका. तिला लोक ‘इन्चार्ज सिस्टर’ म्हणून ओळखतात. तिच्यावर सहायक अधिसेविका आणि सर्वांत वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. अधिपरिचारिका ते परिसेविका ही या वाटेवरची पहिली पायरी आहे, आणि माझी तक्रार नेमकी याच पायरीबद्दल आहे.

प्रथम वेतनाविषयी लिहिते, कारण सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते. आपल्या राज्यात एकाच पदावर दीर्घकाळ राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना पदोन्नतीविनाही वरची वेतनश्रेणी देणारी सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आहे. पूर्वी तिचे लाभ बारा आणि चोवीस वर्षांनी मिळत. 1 जानेवारी 2016 पासून दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळू लागले. योजना चांगली आहे आणि तिचा मला फायदाही झाला. परंतु परिचारिकांची पदोन्नती इतक्या उशिरा होते की परिसेविका पदाचे आदेश हातात येईपर्यंत त्या पदाची वेतनश्रेणी बहुतेकींना या योजनेतून आधीच मिळालेली असते. मला पदोन्नती मिळाली तेव्हा माझी एकवीस वर्षे भरली होती आणि योजनेचे दोन लाभ पदरात पडले होते. परिसेविका झाल्यानंतरच्या महिन्यात वेतनचिठ्ठी पाहिली, तर मूळ वेतनाचा आकडा जिथल्या तिथे होता. पदनाम बदलले आणि कक्षाच्या कपाटांच्या किल्ल्या हातात आल्या. वेतनात एक रुपयाचीही वाढ झाली नाही. लेखा शाखेत विचारले तेव्हा सांगण्यात आले, “त्या श्रेणीचा लाभ तुम्हाला आधीच मिळाला आहे.” नियमाप्रमाणे ते उत्तर बरोबर असेलही. पण आधीचा लाभ एकाच पदावर कुजत पडल्याची भरपाई म्हणून होता आणि पदोन्नती हे नवे काम आहे. एका गोष्टीची भरपाई दुसऱ्या गोष्टीचा मोबदला म्हणून धरता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्यांना योजनेचा लाभ अजून मिळालेला नाही, त्यांच्याही वाट्याला फार मोठा फरक येत नाही. केंद्र शासनाच्या रुग्णालयांत सातव्या वेतन आयोगानुसार परिचारिकेचे सुरुवातीचे मूळ वेतन 44,900 रुपये आणि तिच्या वरच्या पदाचे 47,600 रुपये आहे, म्हणजे दोहोंत 2,700 रुपयांचे अंतर. आमच्याकडे तर पायाच खाली आहे. महाराष्ट्रात अधिपरिचारिकेचे मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होते. शिक्षण तेच, परिचर्या परिषदेकडची नोंदणी तशीच आणि खाटेवरचा रुग्णही तसाच असताना सुरुवातीलाच 9,500 रुपयांची तफावत पडते. केंद्राने आपल्या परिचारिकांचा परिचर्या भत्ता 2017 मध्ये दरमहा 7,200 रुपये केला; तसा भत्ता मिळावा म्हणून आम्ही वर्षानुवर्षे निवेदने देत आहोत.

पदोन्नती नको असेल तर नाकारावी, असे कोणी म्हणेल. नाकारण्याची मोकळीक कागदावर आहे, पण नकार दिला की आश्वासित प्रगती योजनेचा लाभ पणाला लागतो. ज्या तिघींनी आमच्याकडे नकार लिहून दिला, त्यांनी हे ठाऊक असून दिला. स्वीकारले तर पगार तोच, काम दुप्पट आणि बहुधा बदली; मुलांच्या दहावी-बारावीच्या वर्षात दुसऱ्या जिल्ह्यात खोली घेऊन राहणे. नाकारले तर पुढच्या लाभावर पाणी सोडणे. वीस-बावीस वर्षे सेवा केलेल्या बाईसमोर शासनाने असे दोनच रस्ते ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

आता कामाविषयी. परिसेविकेला रात्रपाळ्या नसतात आणि रविवारची सुटी मिळते, हे खरे आहे. माझ्या तरुण सहकारी हे पुष्कळदा बोलून दाखवतात आणि त्यांच्या जागी मीही ते बोलत असे. पण कक्षात प्रत्यक्ष काय चालते ते आपण ऐकावे. माझा कक्ष चाळीस खाटांचा आहे आणि पावसाळ्यात तिथे साठच्या वर रुग्ण असतात. जादा रुग्ण खाली गाद्यांवर. सकाळी रात्रपाळीकडून ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, घ्यायची, गंभीर रुग्ण प्रत्येक खाटेशी जाऊन पाहायचे, डॉक्टरांच्या राऊंडला हजर राहायचे, औषधांचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, लिहायचा, ऑक्सिजनची सिलिंडरे आणि आपत्कालीन औषधांचा ट्रे तपासायचा, धुलाईला गेलेल्या आणि परत आलेल्या चादरी मोजायच्या, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्यांचा हिशेब ठेवायचा, आहाराची यादी स्वयंपाकघरात पाठवायची, विद्यार्थिनींना काम वाटून द्यायचे, नातेवाइकांची भांडणे मिटवायची, आणि सर्वांत कठीण म्हणजे पुढच्या आठवड्याची ड्यूटी लावायची. कोणाचे मूल तापाने फणफणलेले असते, कोणी प्रसूती रजेवर गेलेली असते, कोणाच्या सासूची शस्त्रक्रिया असते. मनुष्यबळ तेवढेच आणि पाळ्या तीन. एकीला ऑफ दिला की दुसरीची रात्र वाढते. हे गणित सुटत नाही तेव्हा त्या पाळीला मी स्वतः उभी राहते, कारण रुग्णाला सलाईन लावायला कोणीतरी लागतेच. दुपारी दोनला संपणारी माझी पाळी संध्याकाळी सहाला संपते आणि त्या चार तासांची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही. कायाकल्प या स्वच्छता पुरस्कार योजनेची किंवा गुणवत्ता मानांकनाची तपासणी जवळ आली की रविवारही जातो. दवाखान्याला मिळालेले प्रमाणपत्र प्रवेशद्वाराजवळ भिंतीवर लागते, पण त्यासाठी रात्री जागून ज्या नोंदवह्या पूर्ण झाल्या त्यांचा जादा मोबदला कोणालाही मिळालेला नाही.

यापेक्षाही मनाला अधिक लागणारी गोष्ट डेड स्टॉक रजिस्टरची, म्हणजे कक्षातील वस्तूंच्या नोंदवहीची, आहे. कक्षातील प्रत्येक खाट, स्टूल, कात्री, चिमटा, सक्शन यंत्र आणि ब्लँकेट परिसेविकेच्या नावावर असते. चार्ज घेताना या वस्तू मोजून घ्याव्यात असा नियम आहे, परंतु चालू कक्षात, रुग्ण खाटेवर असताना, मोजणीसाठी एक दिवसही मोकळा मिळत नाही. मी चार्ज घेतला तेव्हा नोंदवहीत अशा वस्तू होत्या ज्या माझ्या आधीच्या दोन सिस्टरनींही पाहिल्या नव्हत्या. मोडक्या वस्तूंच्या निर्लेखनाचे, म्हणजे त्या नोंदवहीतून वगळण्याचे, प्रस्ताव मी तीनदा पाठवले आणि तीनही वेळा ते कुठल्यातरी टेबलावर राहिले. सेवानिवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्रासाठी हाच हिशेब पुढे येतो. माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे अडू नयेत म्हणून, हरवलेल्या चादरी आणि एका बीपी यंत्राचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी पावती घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि निरोप समारंभाला येऊन बसल्या. मी त्यांच्या शेजारी होते.

यावर्षी आमच्या रुग्णालयात तपासणीच्या वेळी आपत्कालीन ट्रेमध्ये मुदत संपलेली काही इंजेक्शने सापडली, आणि तीन परिसेविकांना त्यांची किंमत भरण्याविषयी नोटिसा आल्या. ट्रे तपासणे हे आमचेच काम आहे. चूक झाली असेल तर ती आम्ही मान्य करू. मात्र मुदतीला दोन महिने उरलेला साठा भांडारातून कक्षात कोणी पाठवला, त्याची विचारणा झाली नाही. औषध मागण्याचा अधिकार आम्हाला आहे, पण येणारे औषध परत पाठवण्याचा नाही. मनुष्यबळ मागता येते, पण कोणाची नेमणूक कुठे करायची ते ठरवता येत नाही. कक्षसेवक कामावर आला नाही तर त्याचा अहवाल लिहिता येतो, पण त्याच्या जागी दुसरा माणूस मागून मिळत नाही, मग मावशींच्या सोबतीने आम्हीच स्ट्रेचर ढकलतो. ज्या बाबींवर आमचा अधिकार चालत नाही त्यांची जबाबदारी मात्र आमच्या सहीवर असते.

या जबाबदारीचे टोक राज्याने 2021 मध्ये दोनदा पाहिले. त्या वर्षी 9 जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, आणि 6 नोव्हेंबरला अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत कोरोनाचे अकरा रुग्ण गेले. त्या घरांचे दुःख मी कधीही हलके लेखणार नाही. चौकशी व्हायला हवी होती आणि दोषींना शिक्षाही. पण दोन्ही ठिकाणी परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले, नगरला त्यांना अटकही झाली. विजेच्या तारा, आग विझवण्याची यंत्रणा आणि कक्षाची बांधणी या परिचारिकेच्या हातातल्या गोष्टी नाहीत. तेव्हापासून अतिदक्षता कक्षाचा चार्ज घ्यायला सांगितले की हुशार मुलीही मान खाली घालतात, आणि त्यांना भित्र्या म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

इथपर्यंत मी परिसेविकांची बाजू मांडली. तिचा अर्थ अधिपरिचारिकांचे बरे चालले आहे असा कोणी काढू नये. केंद्राच्या कर्मचारी निरीक्षण विभागाच्या निकषांनुसार सर्वसाधारण कक्षात सहा रुग्णांमागे एक परिचारिका असावी, अतिदक्षता कक्षात एका रुग्णामागे एक, आणि 3.6 अधिपरिचारिकांमागे एक परिसेविका. अध्यापन रुग्णालयांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा निकष तर तीन रुग्णांमागे एक असा आहे. माझ्या कक्षात रात्री साठ रुग्णांसाठी दोन परिचारिका असतात. त्या दोघी बारा तास उभ्या राहतात. एकीला शस्त्रक्रिया विभागातून रुग्ण आणायला जावे लागले की दुसरी एकटी साठ जणांना पाहते. त्या वेळी कोणाला फिट आली, तर ती आधी कुठे धावणार? सकाळी ओव्हर देताना त्यांचे पाय सुजलेले असतात. त्यांनी माझ्याकडे सुटी मागितली आणि मी ‘नाही’ म्हटले, की त्यांना ‘नाही’ म्हणणारी माणूस म्हणून मीच दिसते. रिक्त पदे त्यांना दिसत नाहीत. गेल्या काही वर्षांत कक्षाकक्षांतून इन्चार्ज सिस्टर आणि स्टाफ यांच्यात जी कटुता वाढली आहे, तिचे मूळ इथे आहे. ‘सिस्टर एसी केबिनमध्ये बसतात’ असे त्या म्हणतात आणि ‘आजकालच्या मुलींना काम नको’ असे आमच्यातल्या काही जणी म्हणतात. दोन्ही वाक्ये खोटी आहेत आणि दोन्ही ऐकताना मला सारखेच वाईट वाटते. म्हणूनच स्पष्ट लिहिते: परिसेविकांना काही द्यायचे म्हणून अधिपरिचारिकांचे काही काढून घेऊ नये. रात्रपाळी करणाऱ्या मुलीला तिच्या रात्रीचे मोल मिळावे आणि कक्ष चालवणाऱ्या बाईला तिच्या जबाबदारीचे.

प्रभारी कामाचा मुद्दाही याला जोडूनच आहे. परिसेविकेचे पद रिक्त असले की कक्षातल्या ज्येष्ठ अधिपरिचारिकेला ‘तू सांभाळ’ असे तोंडी सांगितले जाते. लेखी आदेश निघत नाही, कारण तो निघाला तर अतिरिक्त वेतनाचा प्रश्न येतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, 1981 मध्ये अतिरिक्त कार्यभारासाठी तशी तरतूद आहे. आमच्याकडे एक अधिपरिचारिका पाच वर्षे याच पद्धतीने प्रसूती कक्ष चालवते आहे. वेतन अधिपरिचारिकेचे, सह्या परिसेविकेच्या, आणि काही बिघडले तर नोटीस तिच्या नावाने येणार.

खासगी रुग्णालयांत याहून कठीण स्थिती आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत परिचारिकांना त्या-त्या पदाच्या शासकीय वेतनाइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही ते दरमहा 20,000 रुपयांच्या खाली नसावे, अशी शिफारस केली. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका मोठ्या शहरात खासगी रुग्णालयाची कक्षप्रमुख आहे. तिला स्टाफपेक्षा दीड हजार रुपये जास्त मिळतात आणि त्यासाठी तिचा फोन रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. या शिफारशींची राज्यात अंमलबजावणी व्हावी हे पाहणे आपल्याच विभागाच्या हाती आहे.

हे सगळे आम्ही आपल्याला प्रथमच सांगत आहोत असे नाही. मे 2022 मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध परिचारिका संपावर गेल्या. सातव्या वेतन आयोगातील त्रुटी दूर करण्यासाठी श्री. मुकेश खुल्लर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल 2025 मध्ये स्वीकारला गेला, आणि अधिपरिचारिका, पाठ्यनिर्देशिका (परिचर्या शिकवणाऱ्या) व परिसेविका या तिन्ही पदांचा प्रश्न त्यातही सुटला नाही, म्हणून जुलै 2025 मध्ये आम्ही आझाद मैदानात बसलो आणि नंतर बेमुदत संपावर गेलो. संपाच्या दिवसांत कक्षातल्या रुग्णांची आठवण येऊन मला झोप लागली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पुन्हा तो मार्ग धरावा लागू नये असे मनापासून वाटते. आता न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला आहे आणि त्याच्या शिफारशींनंतर राज्यातही वेतननिश्चितीची नवी प्रक्रिया सुरू होईल. जुनी त्रुटी नव्या तक्त्यात तशीच उतरली, तर पुढची दहा वर्षे ती कोणी काढणार नाही. त्यामुळे माझ्या मागण्या आज लिहीत आहे.

परिसेविका पदावर प्रत्यक्ष पदोन्नती होणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ आधी मिळाला असला तरी, किमान एक वेतनवाढ आणि कक्षाच्या जबाबदारीसाठी स्वतंत्र मासिक भत्ता द्यावा. अधिपरिचारिकांचे मूळ वेतन आणि परिचर्या भत्ता केंद्राच्या बरोबरीने आणावा, आणि दोन पदांमधील अंतर त्या वाढीत पुसले जाणार नाही याची काळजी घ्यावी. लेखी आदेशाशिवाय कोणालाही कक्षाचा चार्ज देऊ नये आणि आदेश दिल्यास त्या दिवसापासून अतिरिक्त वेतन द्यावे. परिसेविका व अधिपरिचारिका यांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत, आणि प्रत्येक रुग्णालयाने आपल्या कक्षांतील मंजूर व हजर परिचारिकांची संख्या दर्शनी फलकावर लावावी, म्हणजे रात्री साठ रुग्णांमागे दोघी का आहेत हे नातेवाइकांनाही कळेल. साठ्याच्या नोंदी व निर्लेखन यांसाठी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात भांडार लिपिक नेमावा. चार्ज देता-घेताना मोजणीसाठी दोन दिवस कामातून मोकळीक द्यावी. आणि चौकशीत वैयक्तिक हलगर्जी सिद्ध झाल्याशिवाय एकाही परिचारिकेच्या वेतनातून किंवा निवृत्तिवेतनातून वसुली करू नये. पाळी संपल्यानंतर केलेल्या कामाची नोंद व्हावी आणि त्याबदल्यात सुटी मिळावी. पदोन्नतीच्या वेळी त्याच जिल्ह्यात पद रिक्त असेल तर बदली करू नये.

मला निवृत्त व्हायला चौदा महिने उरले आहेत, त्यामुळे वर मागितलेल्या भत्त्याचा मला स्वतःला फारसा लाभ होणार नाही. माझ्यानंतर या कक्षाचा चार्ज कोणी घ्यावा हे अजून ठरलेले नाही. नवजात शिशू कक्षातल्या ज्या मुलीने पदोन्नती नाकारली तिला मी निर्णय बदलण्याचा आग्रह केलेला नाही. तो करण्याइतके ठोस असे माझ्या हातात आज काही नाही. दोन्ही विभागांनी परिचारिकांच्या प्रतिनिधींना एकत्र बोलावून या मागण्यांवर येत्या तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे, अशी विनंती आहे. चर्चेला बोलावल्यास गेल्या सहा वर्षांच्या ड्यूटीच्या याद्या, निर्लेखनाच्या प्रस्तावांच्या पोच आणि माझ्या वेतनचिठ्ठ्या घेऊन मी हजर राहीन.

आपली विश्वासू,
एक परिसेविका,
शासकीय रुग्णालय, महाराष्ट्र